जवळून पाहणारा कॅमेरा : स्तनाच्या कर्करोगाचा शोध आणि अणुशास्त्र

'अणू' हा शब्द कानी पडला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम हिरोशिमा उभे राहते, आणि मग अणुशक्तीचे लाभ कोणी सांगू लागल्यास तो साशंक होऊन ऐकतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या शास्त्राने संहार घडविला त्याच शास्त्राने रुग्णालयातील एका शांत खोलीत माणसाचे प्राण वाचविण्याचेही काम चालविले आहे, आणि ते काम आपल्यापासून फार दूर चाललेले नाही. मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच आवारात अणुशक्ती खात्याने १९६३ साली 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' स्थापन केले. आपल्या डिचोली-पेडण्याकडील कित्येक कुटुंबांना परळची ती वाट ठाऊक आहे; कोणी तेथून बरे होऊन परतले, कोणी उशिरा गेले. किरणोत्सर्गी औषध अत्यल्प प्रमाणात देऊन शरीरात रोग कोठे दडला आहे हे पाहणे, या विद्येला न्यूक्लिअर मेडिसिन म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्या एका लहान शाखेची ओळख वाचकांस करून देण्याचा आमचा विचार आहे. स्तनाचा कर्करोग शोधण्यासाठी तयार झालेले छोटे गॅमा-कॅमेरे हा तो विषय होय.

हा विषय शाळामास्तराने का निवडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. स्मरणिका घरोघर जाते, आणि पुरुषांनी चाळून झाली की ती माजघरात पोहोचते. ज्या गोष्टीविषयी घरात मोकळेपणाने बोलण्याचा प्रघात नाही, ती छापील पानावर आली म्हणजे निदान वाचली तरी जाते. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. विषय यंत्राचा असला तरी त्यात गुंतलेला जीव आपल्या घरातला आहे, हे वाचकांनी ध्यानी धरावे.

छाया पाहणे आणि काम पाहणे

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी ठराविक वेळी विभागते, आपले काम करते आणि वेळ आली की नाहीशी होते. एखाद्या पेशीच्या अंगची ही शिस्त मोडली आणि ती बेसुमार वाढू लागली, शेजारच्या भागांत घुसू लागली, म्हणजे तिला कर्करोग म्हणावयाचे. स्तनात अशी वाढ होऊ लागली की तिची गाठ बनते. आरंभी ती इतकी लहान असते की बोटांना लागत नाही आणि बहुधा दुखतही नाही. ती लहान असतानाच सापडली तर उपचार सोपे व आशा मोठी; ती काखेतील ग्रंथींपर्यंत किंवा त्यापुढे गेली म्हणजे उपचार कठीण व आशा कमी. सगळी धडपड चालते ती या काळाच्या अंतराशी.

ही गाठ पाहण्याचे रूढ साधन म्हणजे मॅमोग्राफी, अर्थात स्तनाची क्ष-किरण तपासणी. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात व पलीकडे छाया उमटते. चरबीची छाया काळसर पडते, गाठीची पांढरी. ज्या स्तनात चरबी अधिक असते, तेथे काळ्या फळ्यावरील खडूच्या ठिपक्याप्रमाणे गाठ उठून दिसते. उतारवयात स्तनातील ग्रंथींचा भाग कमी होऊन चरबी वाढते, म्हणून वयस्क स्त्रियांत ही तपासणी विशेष उपयोगी पडते. परंतु अनेक स्त्रियांच्या, त्यातही तरुण स्त्रियांच्या स्तनात ग्रंथींचे दाट जाळे असते. या जाळ्याचीही छाया पांढरीच पडते. मग पांढऱ्यात पांढरे शोधावयाचे! पेडणे तालुक्यातील आगरवाड्याची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन उमगेल. मिठाच्या राशीत पांढरा खडा पडला, तर डोळे कितीही चांगले असले तरी तो सापडणे कठीणच. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर होतो, असा वैद्यांचा अनुभव आहे. तेव्हा दाट स्तनाची ही अडचण आपल्याकडे अधिकच लक्षात घेण्यासारखी आहे.

यावर शास्त्रज्ञांनी निराळा विचार केला. गाठीचा आकार पाहण्याऐवजी तिचे काम पाहता येईल काय? पावसाळ्याच्या तोंडी झाडावर काजवे चमकतात. दिवसा त्याच झाडावर पानापानांतून काजवा शोधा, सापडणार नाही. रात्री मात्र तो स्वतःच्या प्रकाशाने आपली जागा सांगतो. कर्कपेशीला असेच चमकावयास लावता आले, तर भोवतालचे जाळे दाट आहे की विरळ याला फारसे महत्त्व उरणार नाही. न्यूक्लिअर मेडिसिनने नेमकी हीच युक्ती योजली आहे.

सहा तासांचा दिवा

या काजव्याचा दिवा म्हणजे टेक्नेशियम नावाचे मूलद्रव्य. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ४३ क्रमांकाची जागा पुष्कळ वर्षे रिकामी होती. इटलीतील पालेर्मो येथे पेरिए आणि सेग्रे या शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते शोधून काढले, तेही अमेरिकेतील सायक्लोट्रॉन यंत्रात वापरून झालेल्या मॉलिब्डेनम धातूच्या तुकड्यातून. कृत्रिम रीतीने मिळालेले ते पहिले मूलद्रव्य. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'कृत्रिम' असा आहे. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि सीबोर्ग यांना त्याचे एक विशिष्ट रूप आढळले. त्याला 'टेक्नेशियम-९९ एम' म्हणतात. त्यातून मुख्यतः गॅमा किरण बाहेर पडतात. हे किरण शरीराबाहेर येऊन यंत्रास दिसण्याइतके जोरकस असतात. आणि औषध थोड्याच वेळात निस्तेज होत असल्याने रोग्याला त्यांचा त्रास बेताचाच होतो.

या द्रव्याचा अर्धायुष्यकाळ सहा तासांचा आहे. म्हणजे काय, ते साध्या गणिताने समजून घेऊ. सकाळी सहा वाजता आपल्यापाशी त्याचे १६ भाग आहेत असे धरा. दुपारी बाराला ८ राहतील, सायंकाळी सहाला ४, मध्यरात्री २, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला केवळ १. रोग्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय. तपासणी झाली आणि दिवा आपोआप मालवत गेला. परंतु रुग्णालयाच्या दृष्टीने ही पंचाईत! मुंबईस तयार केलेले टेक्नेशियम रात्रीच्या बसने गोव्यास पाठविले, तर बारा तासांनी हाती चौथा हिस्साच लागणार.

यावर अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकाअखेर एक नामी तोडगा निघाला. टेक्नेशियम ज्यापासून निर्माण होते त्या मॉलिब्डेनम-९९ चा अर्धायुष्यकाळ ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवसांचा आहे. म्हणून मुलाऐवजी आईलाच पाठवावयाचे! शिशाच्या जाड आवरणात मॉलिब्डेनम भरलेली एक नळी रुग्णालयास पोहोचवितात. तीतून मिठाचे शुद्ध पाणी सोडले की तयार झालेले टेक्नेशियम त्या पाण्याबरोबर बाहेर येते व मॉलिब्डेनम मागे राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे टेक्नेशियम साचलेले असते. या नळीला शास्त्रज्ञ विनोदाने 'गाय' म्हणतात आणि त्या क्रियेला 'दूध काढणे'. ही गाय साधारण आठवडाभर दूध देते. आपल्या देशात अणुभट्टीचे युग ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' सुरू झाली तेव्हा उगवले. तेथे उभ्या राहिलेल्या संशोधनामुळेच अशी किरणोत्सर्गी औषधे देशातल्या देशात बनविणे शक्य झाले.

नुसते टेक्नेशियम कर्कपेशीकडे आपणहून जात नाही. त्याला वाट दाखविणारे एक वाहन लागते. 'सेस्टामिबी' हे त्या वाहनाचे नाव. मूळ हे औषध हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी योजले गेले. प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाची सूक्ष्म ऊर्जाकेंद्रे असतात. सेस्टामिबी तेथे जाऊन थांबते. हृदयाचे स्नायू अखंड राबतात, म्हणून त्यांच्यात ही केंद्रे पुष्कळ. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशीही अशाच ऊर्जेच्या भुकेल्या असतात आणि त्यांच्याकडे रक्तही अधिक खेचले जाते. साहजिकच हृदयासाठी दिलेले औषध स्तनातील गाठीतही साचते, असे वैद्यांना दिसून आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली स्तनाच्या तपासणीसाठी या औषधास मान्यता दिली.

मोठा कॅमेरा कोठे अडला

दिवा मिळाला, वाहन मिळाले. आता तो प्रकाश टिपणारा डोळा हवा. कॅलिफोर्नियात बर्कले येथे हॅल अँगर यांनी १९५७ साली गॅमा-कॅमेरा बनविला. आज जगभर वापरले जाणारे बहुतेक गॅमा-कॅमेरे त्याचेच वंशज आहेत. गॅमा किरण काचेच्या भिंगाने वळत नाहीत, म्हणून या कॅमेऱ्याला भिंग नसते. त्याऐवजी शिशाची एक जाड चकती असते आणि तिला हजारो सरळ भोके असतात. जो किरण सरळ येईल तो भोकातून आत जाईल. जो तिरपा येईल तो शिशात अडेल. चकतीमागे सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. किरण त्यावर आदळला की क्षणमात्र प्रकाश लकाकतो, त्यामागील प्रकाशगुणक नळ्या तो टिपतात, आणि लकाकी कोठे झाली याचा हिशोब होऊन चित्रावर एक ठिपका उमटतो. अशा लाखो ठिपक्यांचे मिळून चित्र बनते.

या चकतीचा एक गुण आणि एक दोष विद्यार्थ्यांना समजावा म्हणून आम्ही वर्गात एक प्रयोग दाखवीत असतो. वाचकांनीही घरी करून पाहावा. पपईच्या पानाचे पोकळ देठ सारख्या लांबीचे कापून त्यांची जुडी बांधावी आणि जुडीच्या एका तोंडाला तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवावा. अंधाऱ्या खोलीत दोन मेणबत्त्या एकमेकींजवळ पेटवून ठेवाव्यात आणि जुडीचे दुसरे तोंड त्यांच्यासमोर धरावे. जुडी ज्योतींच्या जवळ असली की कागदावर दोन वेगळे उजेड दिसतात. जुडी हळूहळू मागे न्यावी; दोन्ही उजेड पसरत जाऊन एकमेकांत मिसळतात आणि दोन ज्योती आहेत की एक, हे सांगता येत नाही. कारण उघड आहे. दूर गेल्यावर एकाच ज्योतीचा प्रकाश शेजारच्या अनेक नळ्यांत शिरू लागतो. अगदी हेच गॅमा-कॅमेऱ्यात घडते. वस्तू जितकी चकतीजवळ तितके चित्र रेखीव, आणि जितकी लांब तितके धूसर.

मोठा गॅमा-कॅमेरा हाडे, हृदय, यकृत अशा मोठ्या अवयवांसाठी बनलेला. त्याचे तोंड अर्ध्या मीटरएवढे रुंद, वजन अवाढव्य, आणि कडेला काही सेंटिमीटरांची आंधळी पट्टी. ही पट्टी छातीच्या भिंतीशी आड येते, त्यामुळे कॅमेरा स्तनाला भिडविता येत नाही. मधल्या अंतरात चित्र धूसर होते. त्यातच हृदय व यकृत यांनी औषध घेतलेले असते, त्यांचा उजेडही पार्श्वभूमीवर पसरतो. परिणाम असा झाला की मोठ्या गाठी दिसत, परंतु एका सेंटिमीटरहून लहान गाठी पुष्कळदा निसटत. जी गाठ हातालाच लागते तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? यंत्राची खरी गरज लहान गाठीसाठीच होती आणि नेमके तेथेच ते अपुरे पडत होते.

लहान कॅमेऱ्याचा जन्म

येथे मदतीस आले ते वैद्यकाशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता असे लोक. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथे जेफरसन प्रयोगशाळा आहे. अणुगर्भाच्या पोटात काय चालते याचा शोध घेणे हे तिचे काम. त्यासाठी उडणाऱ्या सूक्ष्म कणांची जागा अचूक टिपणारी उपकरणे तेथे बनवावी लागतात. स्टॅन मायेव्हस्की यांच्या गटाने हीच विद्या स्तनाच्या तपासणीकडे वळविली. एका अखंड स्फटिकाऐवजी बारीक चौकटींत विभागलेला स्फटिक आणि मोठ्या नळ्यांऐवजी जागा ओळखणाऱ्या लहान नळ्या, अशी जुळणी करून त्यांनी आटोपशीर कॅमेरा घडविला. त्या विद्येवर आधारलेला कॅमेरा पुढे डायलॉन या कंपनीने बाजारात आणला. त्याची पाहण्याची चौकट सुमारे १५ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर लांब, म्हणजे शाळेच्या वहीएवढी. आंधळी पट्टी अगदी अरुंद असल्याने तो छातीलगत आणता येतो.

याहून पुढचे पाऊल स्फटिकाच्या बाबतीत पडले. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकावर गॅमा किरण पडला की लकाकी उठण्याची गरजच राहत नाही. किरणाची थेट विद्युत्‌लहर होते. त्यामुळे प्रकाशगुणक नळ्यांचा पसारा संपला आणि संपूर्ण उपकरण एखाद्या जाड पुस्तकासारखे चपटे करता आले. त्यावरील टिपण्याचे एकेक घर दीड ते अडीच मिलिमीटरांचे असते. मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये मायकेल ओकॉनर, डेबोरा रोड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दोन कॅमेरे समोरासमोर बसविले, एक स्तनाच्या वर व एक खाली. गाठ कोठेही असो, दोहोंपैकी एक तिच्याजवळ असणारच. आमच्या मेणबत्त्यांच्या प्रयोगातला धडाच येथे उपयोगी पडला आहे.

तपासणीची रीत अशी. दंडाच्या शिरेत औषधाची सुई देतात. पाचेक मिनिटांनी स्त्री यंत्रासमोर खुर्चीवर बसते. स्तन दोन कॅमेऱ्यांमध्ये अलगद धरला जातो; मॅमोग्राफीत जितका दाब देतात तितका येथे लागत नाही. एकेका चित्रास सुमारे १० मिनिटे याप्रमाणे दोन्ही बाजूंची चार चित्रे घेण्यास ४० मिनिटे पुरतात. भूल नाही, चिरफाड नाही.

आता किरणांची भीती. ती अनाठायी म्हणून झिडकारणे योग्य नव्हे; तिचे माप घेतले पाहिजे. आरंभी या तपासणीस ७४० मेगाबेकरेल औषध वापरीत. यंत्रे सुधारली तसे ते सुमारे ३०० मेगाबेकरेलपर्यंत खाली आले. त्यापासून शरीरास मिळणारा किरणांचा डोस २ ते २.५ मिलिसीव्हर्टच्या आसपास असतो. पृथ्वीवरील माणसाला माती, हवा, अन्न व आकाश यांपासून वर्षभरात निसर्गतः सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे ही तपासणी साधारण एका वर्षाच्या नैसर्गिक किरणांइतकी झाली. मॅमोग्राफीत मात्र याहून बरेच कमी किरण लागतात आणि ते स्तनापुरतेच राहतात, तर येथे औषध सर्व शरीरात फिरते. गरोदर स्त्रीस ही तपासणी सहसा करीत नाहीत. कारणाशिवाय कोणीही ती करून घेऊ नये.

फळ काय मिळाले? मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाट स्तनाच्या व धोका अधिक असलेल्या ९३६ स्त्रियांची दोन्ही प्रकारे तपासणी केली होती. त्यांपैकी ११ जणींना कर्करोग निघाला. मॅमोग्राफीने ३ जणींचा दाखविला, गॅमा-कॅमेऱ्याने ९ जणींचा. दोन्ही मिळून १० जणींचा सापडला, एकीचा कशानेच नाही. २०१५ साली, कमी औषध वापरून, दाट स्तनाच्या १५८५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २१ जणींना रोग होता. मॅमोग्राफीने ५ जणींचा पकडला, गॅमा-कॅमेऱ्याने १७ जणींचा, दोन्ही मिळून १९ जणींचा. मिठाच्या राशीतला पांढरा खडा काजव्याच्या युक्तीने सापडू लागला, तो असा.

मर्यादा

शास्त्राची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू झाकणे हे शिक्षकाच्या धर्मास सोडून होईल. याच दुसऱ्या अभ्यासात, केवळ मॅमोग्राफी केली असता दर शंभर स्त्रियांपैकी ११ जणींना पुन्हा बोलवावे लागले असते. कॅमेऱ्याची जोड दिल्यावर ही संख्या सुमारे १८ झाली. सुईने तुकडा काढून तपासण्याचे प्रमाण शेकडा १.३ वरून ४.२ वर गेले. यांतील बहुतेकींना कर्करोग नव्हता. त्यांच्या वाट्यास काही दिवसांची काळजी आली. साध्या, निरुपद्रवी गाठीही कधी कधी औषध शोषून चमकतात. म्हणून चित्र कितीही स्पष्ट असले तरी अंतिम निर्णय तुकड्याच्या तपासणीचाच. आपण खाणीच्या मुलखातील माणसे; जमिनीच्या रंगावरून खनिज आहे असे वाटले तरी भोक पाडून खालचा नमुना वर काढल्याशिवाय कोणी खाण काढीत नाही. येथेही तसेच.

शिवाय या कॅमेऱ्याने रोग अधिक सापडतो हे दिसले असले, तरी त्यामुळे मृत्यू किती टळतात हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेले नाही. सरसकट सर्व स्त्रियांच्या तपासणीत तो मॅमोग्राफीची जागा घेत नाही. जेथे स्तन दाट आहे, मॅमोग्राफी व सोनोग्राफी यांनी शंका फिटत नाही, किंवा एमआरआय करणे शक्य नाही, तेथे तो पुढची पायरी म्हणून उभा राहतो. त्याचेच एक भावंड मात्र शस्त्रक्रियागृहांत चांगलेच रुळले आहे. हातात धरण्याची गॅमा-सळई फिरवून शल्यविशारद काखेतील पहिली ग्रंथी शोधतात. रोग तेथवर पोहोचला नसेल तर काखेतील बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत, आणि हात सुजण्याचे पुढचे दुःख टळते.

सर्वांत जवळचे साधन

कॅमेरा जितका जवळ तितके चित्र स्पष्ट, हा या साऱ्या शोधाचा गाभा आपण पाहिला. हाच नियम यंत्राबाहेरही लागू पडतो, याचा दाखला मुंबईनेच दिला आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित स्त्री-आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन केवळ हाताने तपासीत आणि रोगाची लक्षणे समजावून सांगत. अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या वस्त्यांत एकदा माहिती देण्यात आली. वीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. हाताने तपासलेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शेकडा ४७ वरून ३७ वर आले. पन्नाशी व तीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत अशी घट आढळली नाही. तेवढ्यापुरते हातालाही अधिक तीक्ष्ण डोळ्याची जोड हवी आहे. आणि लहान कॅमेऱ्यांसारख्या साधनांवर संशोधक मेहनत घेतात ती याचसाठी.

आपल्या गोव्यातही २०२१ साली 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा कार्यक्रम सुरू झाला. १ लाख स्त्रियांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरले. त्यात वापरलेले हातात मावणारे उपकरण स्तनावर ठेवले की त्यातील संवेदक ऊतींचा मऊपणा व कठीणपणा मोजतात; गाठ भोवतालच्या भागाहून कठीण असते, या साध्या गोष्टीवर ते चालते. त्यात किरण नाहीत आणि वेदनाही नाही. तपासणी आपल्या आरोग्य केंद्रांतून व्हावी, आणि शंका आल्यास मोठ्या रुग्णालयात पाठवावे, अशी ही योजना. यंत्र स्त्रीच्या गावाजवळ आले, हे तिचे मर्म होय.

परंतु यंत्र दारापर्यंत आले तरी शेवटचे पाऊल स्त्रीनेच उचलावयाचे असते, आणि तेथेच आपल्या समाजाची कसोटी आहे. गाठ हाताला लागते. दुखत नाही म्हणून ती गप्प राहते. मग मुलांची परीक्षा, नंतर घरातले लग्न, नंतर चवथ, नंतर रमजान. प्रत्येक वेळी 'हे आटोपू दे' म्हणून सहा महिने निघून जातात. पुरुष डॉक्टरसमोर जाण्याचा संकोच असतो. मुलीचे लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, हे भय असते. हा संकोच हिंदू घरात आहे, मुसलमान घरात आहे, ख्रिस्ती घरातही आहे. त्याला जात-धर्म नाही, तसा तो रोगालाही नाही. आरोग्य केंद्रात परिचारिका असतात, स्त्री-डॉक्टरने तपासावे अशी मागणी करता येते, आणि लाजेपायी जीव गमावण्यास कोणताही धर्म सांगत नाही.

यास्तव काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ. कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखे रूप. बोंडी आत ओढली जाणे. तीतून रक्तमिश्रित स्राव. एका स्तनाच्या आकारात नव्याने पडलेला फरक. यांपैकी काहीही दिसल्यास वैद्याकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितकेच खरे. परंतु ते ठरविण्याचे काम शेजारणीचे नव्हे की जडीबुटीवाल्याचेही नव्हे. आई, मावशी वा बहीण यांना हा रोग झाला असल्यास ती गोष्ट लपवू नये, वैद्यास आधी सांगावी. पुरुषांनाही क्वचित हा रोग होतो, तेव्हा त्यांनीही छातीतील गाठीकडे दुर्लक्ष करू नये.

पुरुषांची जबाबदारी एवढ्यावर संपत नाही. घरातली स्त्री 'जरा दाखवून येते' म्हणाली, तर त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करील हा प्रश्न तिला पडू नये, एवढी व्यवस्था नवऱ्याने आणि मुलांनी करावी. बससाठी पैसे मागण्याची पाळी तिच्यावर येऊ नये. आमच्या मुळगावची केळबाई आणि शिरगावची लईराई या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीही त्यांची बहीणच, असे या भागात सर्व धर्मांचे लोक मानतात. ज्या मुलखात देवतांनाही बहिणींवाचून करमत नाही, तेथे एका बाईने आपले दुखणे एकटीने का वागवावे? बहिणीला, जावेला, खालाला, शाळेतल्या बाईंना, कोणाला तरी तिने सांगावे. आणि जिला सांगितले जाईल तिने ते ऐकून न थांबता तिच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत जावे.

आपल्या संस्थेच्या सभासद-कुटुंबांपैकी एका जरी स्त्रीने हे वाचून पुढील आठवड्यात डिचोलीच्या आरोग्य केंद्राची पायरी चढली, आणि 'काही नाही, घरी जा' असे ऐकून ती हसत परतली, अथवा असलेच काही तर ते वेळेवर सापडले, तर हा लेख छापण्यास लागलेला कागद सार्थकी लागला असे आम्ही समजू.